डांगी गाईची कालवड

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत, पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो. तेथील डांगी गाईच्या कातडीतून तेलकट द्रव पाझरतो, त्यामुळे तिच्या अंगावर पाणी ठरत नाही. तिचे काळे, टणक खूर चिखलात व खडकाळ वाटांवर टिकाव धरतात. मात्र ती दूध बेताचेच देते.

मग अधिक दूध देणारी कालवड कशी मिळावी? पूर्वी जवळपास उत्तम वळू असेल, तरच हे साधे. कृत्रिम रेतनाने ही अडचण दूर केली. निवडक वळूचे बीज द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला गोठवून वर्षानुवर्षे टिकविता येते व दूरच्या गावीही नेता येते.

पुणे जिल्ह्यातील उरळीकांचन येथे मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली. होल्स्टीन व जर्सी या परदेशी वळूंच्या बीजापासून गावठी गाईंना संकरित कालवडी होऊ लागल्या. त्या मोठ्या झाल्यावर आपल्या आयांहून कितीतरी अधिक दूध देत.

परंतु वासरात मातापित्यांच्या गुणांबरोबर उणिवाही उतरतात. संकरित गाईला ऊन, गोचीड व रोग यांचा त्रास अधिक होतो; पुरेसा चारा व सावली न मिळाल्यास तिचे दूध आटते. म्हणून जेथे चारापाणी मुबलक, तेथे ती शोभते. अतिपावसाच्या डोंगराळ मुलखात निवडक डांगी वळूचेच बीज हितावह ठरते.

रेतन हे केवळ साधन आहे. कालवडीचे भवितव्य वळूची निवड आणि मालकाची निगा यांवरच अवलंबून असते.