पुनरुत्थानाचा पुरावा आणि इतिहासाची मर्यादा

इ.स. ५४च्या सुमारास प्रेषित पौलाने इफिसहून करिंथच्या मंडळीला एक पत्र लिहिले. त्याच्या पंधराव्या अध्यायात एक यादी आहे. मेलेला, पुरलेला आणि तिसऱ्या दिवशी उठलेला ख्रिस्त आधी केफाला म्हणजे पेत्राला दिसला, मग बारा शिष्यांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बंधूंना, मग याकोबाला, सगळ्या प्रेषितांना आणि शेवटी खुद्द पौलाला. पुनरुत्थान ही इतिहासात घडलेली घटना आहे, असे सिद्ध करू पाहणारा जवळजवळ प्रत्येक ख्रिस्ती युक्तिवाद अखेर या यादीपाशी येऊन थांबतो.

यादी वजनदार आहे, हे आधी मान्य करायला हवे. पौल सांगतो की जे मला मिळाले तेच मी तुम्हाला दिले. म्हणजे मजकूर पत्राहून जुना आहे. येशूला क्रुसावर खिळले ते इ.स. ३० किंवा ३३मध्ये. ग्येर्ड ल्यूडेमान या श्रद्धा सोडलेल्या जर्मन अभ्यासकानेही या यादीचा गाभा क्रुसानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतला मानला. तेव्हा ही कथा शतकानुशतके फुगत गेलेली दंतकथा आहे, असे जे विवेकवादी सर्रास म्हणतात, त्यांनी ते म्हणणे सोडून द्यावे. पेत्र आणि पौल यांना आपण येशूला पाहिले असे मनापासून वाटत होते. याबद्दल मला शंका नाही.

शंका सुरू होते ती यानंतर. या यादीत स्थळ नाही, वेळ नाही, काय दिसले याचे वर्णन नाही. रिकाम्या कबरीचा उल्लेख नाही आणि स्त्रियाही नाहीत. पौल आपला अनुभव बाकीच्यांच्याच ओळीत बसवतो. पण ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्या अनुभवाचे जे वर्णन आहे, ते दिमिष्काच्या वाटेवरच्या प्रकाशाचे आणि वाणीचे आहे, हात लावून पाहता येईल अशा देहाचे नव्हे. आणि ते पाचशे बंधू? त्यांच्यातल्या एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. एवढा मोठा प्रसंग चारपैकी एकाही शुभवर्तमानात नाही. त्यांतले बरेच जण अजून हयात आहेत असे पौल लिहितो, तेव्हा ज्याला खात्री करायची होती त्याला करता आली असती, असे सांगितले जाते. पण करिंथ ते यरुशलेम हे अंतर हजार किलोमीटरहून अधिक आहे, आणि कोणी तिथवर जाऊन चौकशी केल्याची एक ओळही उरलेली नाही.

शुभवर्तमाने ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाचली, तर पुष्कळ काही दिसते. मार्काचे शुभवर्तमान बहुतेक अभ्यासक इ.स. ७०च्या आसपास ठेवतात. चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन थोर हस्तलिखितांत मार्काचे पुस्तक सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपते: स्त्रिया कबरीतून थरथरत पळतात आणि भीतीने कोणाला काही सांगत नाहीत. येशू कोणाला दिसतच नाही. छापील बायबलमध्ये पुढे जी बारा वचने असतात, ती नंतर जोडलेली आहेत, हे ख्रिस्ती विद्वानही मान्य करतात. मत्तयाकडे येईपर्यंत भूकंप, पहारेकरी आणि धोंड लोटणारा देवदूत आलेला असतो. लूकाच्या कथेत येशू जेवतो, योहानाच्या कथेत थोमाला जखमा दाखवतो. देह हळूहळू घट्ट होत जातो.

एक विसंगती मात्र किरकोळ म्हणून सोडता येत नाही. मार्क आणि मत्तय शिष्यांना गालीलात धाडतात. मत्तयाच्या मते अकरा जणांना येशू तिथल्या डोंगरावर भेटला. लूक म्हणतो की त्यांना यरुशलेम सोडू नका असे सांगितले होते, आणि त्याच्या पुस्तकात सगळ्या भेटी त्या शहरात आणि आसपास होतात. साक्षीदारांच्या जबान्यांत थोडाफार फरक असायचाच, हे उत्तर इथे पुरत नाही. मत्तय आणखी एक गोष्ट सांगतो: येशूच्या मरणाच्या वेळी कबरी फुटल्या आणि मेलेले अनेक संत पुढे शहरात जाऊन लोकांना दिसले. पुनरुत्थानाचे निष्ठावंत समर्थक मायकेल लिकोना यांनी २०१०च्या आपल्या ग्रंथात हा भाग काव्यात्म असू शकतो असे सुचवले, तेव्हा त्यांच्याच गोटातून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. एक प्रसंग काव्य मानला तर शेजारचा प्रसंग इतिहास कशाच्या आधारावर, ही टीकाकारांची भीती खरी होती.

रिकाम्या कबरीच्या बाजूने सांगितला जाणारा सर्वांत चांगला मुद्दा स्त्रियांचा आहे. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला किंमत नव्हती, मग कथा रचायचीच तर मग्दालीया मरीयेला कोण पुढे करील? मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण तो खटल्याचे नियम कथेला लावतो. प्रेताला सुगंधी द्रव्ये लावायला स्त्रियाच जाणार आणि शिष्य तर पळालेले. मार्काला कबरीपाशी दुसरे कोण नेता आले असते? दुसऱ्या बाजूला, येशूचे प्रेत श्वापदांच्या तोंडी गेले असावे, हे जॉन डॉमिनिक क्रॉसन यांचे मतही मला टोकाचे वाटते. १९६८ साली यरुशलेमजवळ गिवत हामिवतार येथे योहानान नावाच्या माणसाची अस्थिपेटी सापडली. टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला, टोक वाकलेले. क्रुसावर मेलेल्या माणसाचे रीतसर दफन होऊ शकत होते, एवढे त्या हाडाने नक्की झाले. अरिमथाईच्या योसेफाने येशूला पुरले असेलही. पुरलेली कबर पुढे रिकामी का झाली, याबद्दल ते हाड काही सांगत नाही.

शिष्य खोट्यासाठी मेले नसते, हा युक्तिवाद सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत लंगडा. बहुतेक प्रेषितांच्या हौतात्म्याच्या कथा दुसऱ्या शतकापासून पुढच्या आहेत. पेत्र, पौल आणि दोन याकोब यांच्यापुरता आधार बरा आहे. पण त्यातून त्यांचा प्रामाणिकपणा ठरतो, घटना नाही.

अलीकडे गणितही मदतीला आले आहे. ऑक्सफर्डचे रिचर्ड स्विनबर्न यांनी २००३मध्ये पुनरुत्थानाची संभाव्यता ९७ टक्के काढली. हिशेब बिनचूक आहे, पण त्यात देव आहे आणि त्याला अवतार घ्यावासा वाटेल याला आधीच उदार गुण दिले आहेत. चमत्काराची साक्ष खोटी ठरणे हे त्या चमत्काराहून अधिक अशक्य असले तरच ती स्वीकारावी, ही डेव्हिड ह्यूमची १७४८ची कसोटी या आकड्यांनी मागे पडत नाही.

चमत्कारावरून धर्माची सत्यता ठरवण्याचा हा वाद आपल्याकडेही झाला आहे. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९मध्ये ‘मतपरीक्षा’ हा संस्कृत ग्रंथ लिहून संस्थापकाचे चमत्कार ही खऱ्या धर्माची एक खूण ठरवली. काशीच्या नीळकंठशास्त्री गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहून त्याला उत्तर दिले आणि १८४८मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेतला. पुढे पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेवर त्यांचाच प्रभाव पडला. म्यूर यांची कसोटी आपण आपल्याच परंपरेला लावून पाहावी. पिंपळनेरचे निळोबा तुकोबांना हयातीत भेटले नव्हते; तुकोबांच्या वैकुंठगमनानंतर त्यांनी दर्शन देऊन अनुग्रह केला, असे वारकरी परंपरा मानते. पौलाची गोष्ट याहून फार वेगळी नाही. निळोबांच्या निष्ठेबद्दल आदर बाळगूनही इतिहासकार सदेह वैकुंठगमन ही घटना म्हणून नोंदवत नाही. मग पौलासाठी माप बदलता येणार नाही.

मग घडले काय? येशू क्रुसावर नुसता मूर्च्छित झाला होता, ही उपपत्ती टिकत नाही. डेव्हिड स्ट्राउस या कडव्या टीकाकारानेच ती मोडीत काढली. शिष्यांनी प्रेत पळवले हे त्यांच्या पुढच्या आयुष्याशी जुळत नाही. गेलेले माणूस दिसणे, त्याचा आवाज ऐकू येणे हा शोकातला जगभरचा अनुभव आहे आणि पेत्राच्या बाबतीत तो मला पटतो. पण एवढ्याने पौलाचा उलगडा पुरा होत नाही, कारण पौल शोकात नव्हता, तो या पंथाचा छळ करत होता. स्वतः ख्रिस्ती असलेले डेल अ‍ॅलिसन यांनी २०२१च्या ग्रंथात निव्वळ इतिहासाच्या बळावर हा प्रश्न निकाली निघत नाही, असे प्रांजळपणे मांडले. उलट पिंकास लापिदे या सनातनी ज्यू विद्वानाने पुनरुत्थान घडले असे मानले आणि तरीही येशूला मसीहा मानले नाही. पुराव्याने श्रद्धा ठरत नाही याचे याहून स्पष्ट उदाहरण नाही.

माझा निवाडा असा की पुरावा शिष्यांच्या विश्वासापर्यंत पोचतो, कबरीच्या आत पोचत नाही. जे श्रद्धेने मानतात त्यांच्याशी माझे भांडण नाही. न्यायालयात सिद्ध झाल्यासारखे जे सांगतात त्यांच्याशी आहे. वाचकांनी माझ्या शब्दावर जाऊ नये. करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय, मार्काचा सोळावा आठव्या वचनापर्यंत, मग मत्तय, लूक आणि योहान यांचे शेवटचे भाग याच क्रमाने वाचावेत. मराठी बायबल सहज मिळते, आणि या वाचनाला एक संध्याकाळ पुरते.