दुर्मिळ विकार, सार्वत्रिक बीज

शहादा तालुक्यात ‘साखर’ म्हटले की ऊस आणि कारखाना डोळ्यांसमोर येतात. अलीकडे मात्र रक्तातील साखरेचीही चर्चा तेथे, अन्यत्रासारखीच, होऊ लागली आहे. हा विकार नवजात बालकासही जडतो काय? जडतो, परंतु क्वचित.

जगभरातील नोंदी पाहता, सुमारे एक लाख जन्मांमागे एखाद्याच बालकास पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होतो. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात होती. त्या हिशेबाने जिल्ह्यात तीन-चार वर्षांतून एखादेच असे मूल जन्मास यावे. एवढ्या थोड्यांसाठी काय करायचे, असा प्रश्न हिशेबी मनुष्य विचारील. त्याचे उत्तर विज्ञानाने दिले आहे. हा विकार बहुधा एकाच जनुकातील दोषामुळे होतो. त्यांपैकी एक प्रमुख दोष २००४ मध्ये उघडकीस आला. आणि तो असलेल्या बहुतेक मुलांना इन्शुलिनच्या सुईऐवजी सल्फोनिलयुरियाच्या स्वस्त गोळ्या पुरतात, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. मात्र त्यासाठी निदान हवे. वारंवार लघवी होणाऱ्या, सुकत चाललेल्या तान्ह्याच्या रक्ताचा एक थेंब तपासण्यास फार खर्च येत नाही.

तथापि, लाखात एक या आकड्यावर समाधान मानणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व मुलांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. आपली बालके स्नायूंनी कृश, पण त्वचेखालील चरबी मात्र फारशी कमी नाही, असे आढळले. अशा देहास पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो. म्हणजे रोग जन्मतः दुर्मिळ असला, तरी त्याचे बीज गर्भातच पडते.

सातपुड्याच्या पायथ्याशी अर्धपोटी राबणाऱ्या गर्भवतीचा विचार येथे अटळ होतो. आदिवासी भागातील गर्भवतींना एक वेळचा चौरस आहार देणारी अमृत आहार योजना राज्याने २०१५ मध्ये सुरू केली. या खर्चास दानधर्म समजणे गैर आहे. ती भांडवली गुंतवणूक होय. आज मातेच्या ताटात वाचविलेला रुपया चाळीस वर्षांनी औषधाच्या दुकानात व्याजासह मोजावा लागतो.