वास हा पुरावा नव्हे

बार्शीटाकळीतली कितीतरी घरं ट्रक-बसच्या स्टेअरिंगवर चालतात. दारू आपल्याकडे हराम. त्यामुळे ड्युटीवर प्यायल्याचा खोटा आळ आला, तर नोकरीबरोबर घराची इज्जतही जाते. तपासणीला आमची ना नाही. प्रवाशांचा जीव मोलाचा आहे. पण ती रीतसर व्हावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोलची आहे. बचूभाई हसनअली करयाणी खटल्यात (१९७१) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की तोंडाचा वास, अडखळती चाल एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही. खात्रीसाठी रक्ताची वा लघवीची तपासणी हवी. म्हणून आळ आला तर वाद घालू नका. लगेच रक्ततपासणीचा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि कोऱ्या कागदावर सही करू नका.