एटीव्ही चालवायची आहे? आधी हा अर्ध्या तासाचा सराव करा

अलिबाग-नागावच्या किनाऱ्यावर गेलात की चार जाड टायरांची एटीव्ही दिसतेच. पैसे द्या, बसा, अंगठा दाबा आणि सुटा! चार चाकं आहेत म्हणजे पडणार कशी, असं आपल्याला वाटतं. खरी गडबड इथेच होते. म्हणून फेरी मारायच्या आधी काय सराव करायचा, ते आज समजून घेऊया.

एटीव्ही म्हणजे चार चाकांची स्कूटी नाही

प्रौढांसाठीच्या मोठ्या एटीव्हीचं वजन ३०० किलोच्या आसपास असतं. गाडी उंच आणि रुंदीला कमी, त्यामुळे ती उलटू शकते आणि उलटली तर चालवणाऱ्याच्याच अंगावर येते.

दुसरी गोष्ट म्हणजे मागची चाकं. बऱ्याच एटीव्हींमध्ये ती एकाच सरळ अ‍ॅक्सलवर असतात. कारमध्ये डिफरेन्शियल असतो, म्हणून वळताना बाहेरचं चाक जास्त फिरू शकतं. इथे दोन्ही चाकं सारखीच फिरतात आणि गाडी सरळच जायला बघते. मग आपण घाबरून हँडल जोरात फिरवतो आणि तोल जातो.

टायरमध्ये हवाही खूप कमी असते. कारमध्ये ३० पीएसआयच्या वर, तर एटीव्हीत अनेकदा १० पेक्षाही कमी! हे टायर वाळू-मातीसाठी बनवलेले असतात. डांबरी रस्त्यावर ते नीट वागत नाहीत, तिकडे जाऊच नका.

इंजिन बंद ठेवून १० मिनिटं

१. थ्रॉटल शोधा. बहुतेक एटीव्हींमध्ये तो उजव्या अंगठ्याखाली असतो. घाबरल्यावर आपण हँडल घट्ट आवळतो आणि अंगठाही दाबला जातो. त्यामुळे अंगठा उचलायची सवय आत्ताच लावा.

२. ब्रेक आणि इंजिन बंद करायचं बटण कुठे आहे ते विचारा. प्रत्येक मॉडेलमध्ये जागा वेगळी असू शकते. मग डोळे मिटून दोन्हींवर हात नेऊन बघा. पाच वेळा बरोबर जमलं की पुढे जा.

३. टायर, ब्रेक आणि थ्रॉटल तपासा. थ्रॉटल सोडल्यावर लगेच मागे येत नसेल, तर ती गाडी घेऊच नका.

सपाट मोकळ्या जागेत २० मिनिटं

१. हळू सुरू करा आणि ठरवलेल्या खुणेवर थांबा. हे दहा वेळा करा.

२. दोन खुणा ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकार काढा. वळणाआधी वेग कमी करा, सीटवर थोडं पुढे सरका आणि अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवा. एटीव्ही हँडलइतकीच शरीरानेही चालवावी लागते.

३. दोन्ही पाय कायम पायदानावर ठेवा. स्कूटीवर तोल गेला की आपण पाय टेकवतो. इथे तसं केलंत तर मागचं चाक पायावर चढू शकतं.

४. हे जमल्यावरच छोटा चढ घ्या. चढताना पुढे झुका, उतरताना मागे सरका. चढावर मध्येच वळू नका.

मोबाईलचं काय?

चालवताना एका हाताने रील काढायची नाही म्हणजे नाही! त्यापेक्षा मोबाईल मित्राकडे द्या आणि त्याला बाजूला उभं राहून तुमच्या आठच्या आकाराचा स्लो मोशन व्हिडिओ काढायला सांगा. अंग आत झुकतंय का, पाय सुटतोय का, हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

हे नियम पाळाच

हेल्मेट, बूट, फुल पँट आणि हातमोजे घाला. एका सीटच्या गाडीवर डबल सीट नको. लहान भावंडांना मोठी गाडी देऊ नका. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना तर १६ वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवूच नये, असं सांगते.

पूर्वी एटीव्हीला तीनच चाकं असायची. अपघात इतके झाले की १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांना ती विकणं थांबवावं लागलं. चौथं चाक आलं, पण धोका पूर्ण गेला नाही. तो कमी करणं आता चालवणाऱ्याच्या हातात आहे.

भाड्याने देणारा "काही नाही हो, सोपं आहे" म्हणाला, तरी त्याच्याकडे हा अर्धा तास मागा. तो नाही म्हणाला, तर पुढच्या स्टॉलवर जा.