डोक्यात घालून आणलेली गिरणी

बॉस्टनहून न्यूयॉर्ककडे आय-९५ ने निघालात, की प्रॉव्हिडन्सच्या थोडं अलीकडे पॉटकेट लागतं. आपण सहसा तिथे थांबत नाही. पुढच्या वेळी अर्धा तास काढा. महामार्गापासून अगदी जवळ, ब्लॅकस्टोन नदीच्या धबधब्याला लागून, एक पिवळी लाकडी इमारत उभी आहे. वर घंटेचा छोटा मनोरा. ही १७९३ सालची स्लेटर मिल. अमेरिकेत पाण्याच्या जोरावर यंत्राने सुती सूत काढण्याचा धंदा पहिल्यांदा यशस्वी झाला तो या गावात.

त्या वेळी इंग्लंडमधून कापडधंद्याची यंत्रं किंवा त्यांचे आराखडे बाहेर नेणं हा गुन्हा होता. कुशल कारागिराला देश सोडून जायलाही बंदी होती. सॅम्युअल स्लेटर डर्बीशायरचा. चौदाव्या वर्षी जेडेडाया स्ट्रट यांच्या गिरणीत उमेदवारीला लागला आणि सहा-सात वर्षांत धंदा खालपासून वरपर्यंत शिकला. १७८९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, शेतमजूर असल्याचं भासवून तो न्यूयॉर्कला निघाला. सामानात एकही कागदी आराखडा नव्हता. जे होतं ते डोक्यात. इंग्लंडमध्ये पुढे लोक त्याला गद्दार म्हणू लागले.

डोक्यात नेमकं काय होतं, हे समजायला एक प्रयोग करा. घरात देवाच्या वातींसाठी आणलेला कापूस असेलच. चिमूटभर घ्या, दोन्ही टोकं धरा आणि हळूच ओढा. तंतू एकमेकांवरून सरकतात, पुंजका लांबतो, बारीक होतो आणि शेवटी तुटतो. आता दुसरा पुंजका घ्या आणि ओढता ओढता पीळ द्या. पिळामुळे तंतू एकमेकांना आवळून धरतात आणि सूत तयार होतं. ओढणं आणि पिळणं, सूतकताईचं सगळं शास्त्र या दोन क्रियांत आहे. चरख्यावर ओढण्याचं काम बोटं करतात आणि किती ओढायचं ते बोटांनाच कळतं.

रिचर्ड आर्कराइटने १७६९ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात बोटांची जागा रुळांच्या जोड्यांनी घेतली. कापसाचा पेळू पहिल्या जोडीत शिरतो. पुढची जोडी जास्त वेगाने फिरते, त्यापुढची आणखी वेगाने. वेगातल्या या फरकामुळे पेळू ताणला जाऊन बारीक होतो आणि खालची चाती त्याला पीळ देते. मेख आहे ती दोन जोड्यांमधल्या अंतरात. ते तंतूच्या लांबीपेक्षा किंचित जास्तच हवं. कमी ठेवलं, तर एकच तंतू हळू आणि वेगवान अशा दोन्ही रुळांत सापडून तुटतो. फार जास्त ठेवलं, तर मधले तंतू कुणाच्याच पकडीत राहत नाहीत आणि सूत कुठे जाड, कुठे बारीक निघतं. यंत्र लांबून पाहून हे कळत नाही. ते वर्षानुवर्षं चालवावं लागतं.

प्रॉव्हिडन्सचे व्यापारी मोझेस ब्राउन यांना नेमका हाच अनुभव आला होता. त्यांनी अशी यंत्रं जमवली होती, पण ती धड चालत नव्हती. १७९० च्या सुरुवातीला स्लेटर तिथे पोहोचला, ती यंत्रं पाहिली आणि निकामी ठरवली. मग नव्याने बांधणी सुरू झाली. लाकूडकाम सिल्व्हेनस ब्राउनचं, लोखंडकाम ऑझिएल विल्किन्सनच्या लोहारशाळेचं. तरीही पिंजणयंत्र अडलं. त्याच्या रुळावर तारेचे बारीक दात बसवलेलं चामडं असतं. त्यातून कापसाचा सलग पेळू बाहेर यायला हवा, पण कापूस गुंडाळून बसायचा. चूक दातांच्या कोनात होती. स्लेटर आणि ते दात बनवणारा प्लिनी अर्ल यांनी शेवटी दात ठोकून हवे तसे वाकवले, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. २० डिसेंबर १७९० ला सूत निघालं. डोक्यातल्या गिरणीला गावातल्या सुताराचे आणि लोहाराचे हात मिळाले नसते, तर ती डोक्यातच राहिली असती.

नदीचंही तसंच. ब्लॅकस्टोन सुमारे ४६ मैलांच्या प्रवासात ४४० फुटांच्या आसपास खाली उतरते. एवढा उतार म्हणजे फुकटची ऊर्जा. पण ते पाणी आधीच कुणाचं तरी होतं. १७१४ च्या सुमारास माशांना धबधबा टाळून वर जाता यावं म्हणून इथे एक पाट खणला होता. मासे काही त्यातून गेले नाहीत. पुढे त्याच पाटावर कारखाने बसले. पाणी कुणाला किती, यावरून वरचे आणि खालचे गिरणीवाले भांडत कोर्टात गेले. १८२७ मध्ये न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी यांनी निकाल दिला. वाहत्या पाण्यावर काठच्या सगळ्यांचा सारखा हक्क आहे. दुसऱ्याचं नुकसान न करता वाजवी वापर करा, असा त्याचा मथितार्थ. अमेरिकेच्या पाणीकायद्यात या निकालाचा दाखला पुढे वारंवार दिला गेला.

माणसांचा हिशेब मात्र एवढा समतोल नव्हता. स्लेटरचे पहिले कामगार म्हणजे सात ते बारा वर्षांची नऊ मुलं. मोझेस ब्राउन यांनी स्वतःचे गुलाम १७७३ मध्येच मुक्त केले होते आणि ते गुलामगिरीविरुद्ध लढत होते. पण १७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढणारं यंत्र आलं, दक्षिणेत कापसाची लागवड बेसुमार वाढली आणि उत्तरेच्या गिरण्या गुलामांनी वेचलेल्या कापसावर चालू लागल्या. ऱ्होड आयलंडमधल्या काही गिरण्या तर त्याच गुलामांसाठी जाडंभरडं कापड विणत. १८२४ मध्ये पॉटकेटच्या मालकांनी कामाचा दिवस तासाभराने वाढवायचं आणि विणकामाची मजुरी पाव हिश्शाने कापायचं ठरवलं. तेव्हा शंभरेक विणकर स्त्रिया काम टाकून बाहेर पडल्या. कारखान्यातला अमेरिकेतला पहिला संप म्हणून तो ओळखला जातो. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

या परिसराचा एक धागा थेट विदर्भापर्यंत जातो. १८२८ मध्ये ऱ्होड आयलंडच्याच जॉन थॉर्पने रिंग फ्रेमचं पेटंट घेतलं. यात चातीभोवती एक गोल कडं असतं आणि त्यावरून एक इवलीशी तारेची कडी गरगर धावते. सुताला पीळ देणं आणि ते गुंडाळणं ही दोन्ही कामं त्यामुळे एकाच वेळी, न थांबता होतात. लँकेशायरचे गिरणीवाले आपल्या जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून राहिले. जमशेटजी टाटांनी मात्र १८७७ मध्ये सुरू झालेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये रिंग लवकर आणली. आजही जगातलं बरंचसं सुती सूत रिंगवरच निघतं; तुमच्या अंगावरच्या शर्टाचंही बहुधा तसंच.

आपणही इकडे येताना शिकलेलं बरंच काही डोक्यात घालून आणलं. ते इथे चाललं, त्यामागे आपल्याबरोबर आणखी कुणाकुणाचे हात होते, याची यादी करायला पॉटकेटचा नदीकाठ चांगली जागा आहे. ही गिरणी आता राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. मुलांना घेऊन जा, आणि खिशात वातीचा थोडा कापूस असू द्या.