परवाना न मागणारा आवाज

इराणमध्ये गाण्यांचा अल्बम काढायचा किंवा जाहीर मैफल करायची, तर आधी 'एरशाद'चा परवाना हवा. एरशाद म्हणजे संस्कृती व इस्लामी मार्गदर्शन मंत्रालय. तिथे गाण्याचे शब्द तपासले जातात, संगीतही. पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गायला स्त्रियांना बंदी आहे. अशा व्यवस्थेत रस्त्यावरच्या भाषेत बोलणाऱ्या रॅपला परवाना मिळणे अवघडच. म्हणून फारसी रॅप वाढले ते तळघरांत आणि घरगुती स्टुडिओंत. इराणात अशा विनापरवाना संगीताला 'झीरझमीनी', म्हणजे भूमिगत, म्हणतात.

या प्रवाहाचा जनक मानला जातो तो तेहरानचा सोरूश लश्करी ऊर्फ हिचकस. संगीतकार मेहदियार आगाजानीसोबत केलेला त्याचा 'जंगल-ए-आस्फाल्त' हा अल्बम २००६ मध्ये आला. डांबरी रस्त्यांच्या या जंगलात गरीब-श्रीमंतांमधली दरी होती, गल्लीतली इभ्रत होती आणि तरुणांची घुसमट होती. बहमन गोबादी यांनी २००९ मध्ये तेहरानच्या भूमिगत संगीतावर चित्रपट केला, त्यातही हिचकस दिसतो. पुढे त्याने देश सोडला. तेव्हा जर्मनीत राहणाऱ्या इराणी रॅपर शाहीन नजफीच्या एका गाण्यावरून तर २०१२ मध्ये फतवा निघाला.

रॅपर तुमाज सालेही मात्र देशातच राहिला. १९९० मध्ये जन्मलेला हा बख्तियारी जमातीतला तरुण इस्फहानजवळच्या शाहीनशहरचा. पेशाने धातुकाम करणारा कामगार. टोपणनावाचा आडोसा न घेता, चेहरा न झाकता तो गायचा. २०२१ मधल्या 'सूराख-ए-मूश' म्हणजे 'उंदराचे बीळ' या गाण्यात त्याने सत्तेइतकेच तिची पाठराखण करणाऱ्यांना आणि गप्प बसणाऱ्यांनाही फटकारले. त्याच वर्षी त्याला पहिली अटक झाली.

सप्टेंबर २०२२ मध्ये २२ वर्षांच्या महसा अमिनीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाला आणि 'स्त्री, जीवन, स्वातंत्र्य' ही घोषणा देशभर घुमली. तुमाज निदर्शनांत उतरला आणि त्याचे 'फाल' हे गाणे आले. इराणात यल्दाला, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्री, घरोघरी कवी हाफिजचा दीवान उघडून फाल, म्हणजे शकुन, पाहतात. कॉफीच्या कपात उरलेल्या गाळावरूनही भविष्य सांगतात. तुमाजने अशाच कपात राजवटीचे भविष्य पाहिले. सगळ्यांच्या ओळखीची घरगुती रीत त्याने थेट सत्तेवर रोखली.

३० ऑक्टोबर २०२२ ला तो पकडला गेला. २५२ दिवस एकांतकोठडी. जुलै २०२३ मध्ये सहा वर्षे तीन महिन्यांची शिक्षा. नोव्हेंबरमध्ये जामीन मिळाला, पण कोठडीतल्या छळाबद्दल तो जाहीरपणे बोलला आणि काही दिवसांतच पुन्हा आत गेला. एप्रिल २०२४ मध्ये इस्फहानच्या क्रांतिकारी न्यायालयाने 'धरतीवर फसाद' माजवल्याच्या आरोपाखाली त्याला फाशी सुनावली. जगभरातून निषेध झाला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द केली आणि १ डिसेंबर २०२४ रोजी तो सुटला. कुर्दी रॅपर सामान यासीनलाही याच आंदोलनात फाशी सुनावली गेली होती. तीही पुढे रद्द झाली.

परवान्याची ताकद तो मागणाऱ्यावर चालते. सभागृह हवे असते, तिकिटे विकायची असतात, म्हणून कलाकार चार ओळी गाळायला तयार होतो. तुमाजला यातले काहीच नको होते. फोनवरून गाणे टाकले की ते देशभर पोचायचे. एरवी मंत्रालयातल्या तपासनिसाच्या लेखणीने भागणारे काम इथे क्रांतिकारी न्यायालयाकडे गेले, ते त्यामुळेच.