कूटबद्ध आभासी डिस्कमधील माहितीची पुनर्प्राप्ती : शक्यता आणि मर्यादा

प्रस्तावना :
एका संगणकात दुसरा संगणक चालविण्याची सोय देणाऱ्या ‘व्हर्च्युअल मशीन’चा वापर आज प्रयोगशाळांत व संशोधनात रूढ झाला आहे. गोपनीय माहितीसाठी त्याची डिस्क कूटबद्ध केली जाते. आमच्या एका सहकाऱ्यांनी प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखती अशाच डिस्कवर जपल्या होत्या. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी त्यांनी डिस्कची फाईल बाहेर उतरवून घेतली. पासवर्डही त्यांना पाठ होता. तरीही डिस्क उघडली नाही. असे का घडते व अशा वेळी काय करता येते, याचे विवेचन ‘व्हर्च्युअलबॉक्स’ या प्रणालीच्या आधारे प्रस्तुत लेखात केले आहे.

कूटबद्धतेची रचना :
व्हर्च्युअलबॉक्समध्ये डिस्क कूटबद्ध करण्याची सोय २०१५ मधील ५.० या आवृत्तीपासून उपलब्ध झाली. त्यासाठी ‘एईएस’ ही पद्धती १२८ किंवा २५६ बिटांच्या किल्लीसह वापरली जाते. अमेरिकेच्या ‘एनआयएसटी’ या संस्थेने ही पद्धती २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. पासवर्ड हीच किल्ली, असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. खरी किल्ली संगणक यादृच्छिक रीतीने तयार करतो. पासवर्डपासून बनविलेल्या दुसऱ्या किल्लीने ती बंदिस्त केली जाते आणि ‘.व्हीबॉक्स’ या छोट्या सेटिंग फाईलमध्ये ठेवली जाते. माहिती मात्र ‘.व्हीडीआय’ या मोठ्या फाईलमध्ये असते. थोडक्यात, तिजोरी एका ठिकाणी व किल्लीची पेटी दुसऱ्या ठिकाणी असते. पासवर्डने उघडते ती पेटी. आमच्या सहकाऱ्यांनी तिजोरी आणली होती, पेटी मागेच राहिली होती.

पुनर्प्राप्तीचे टप्पे :
१. ज्या डिस्कवरून फाईल पुसली गेली, तिचा वापर तत्काळ थांबवावा. उपलब्ध फाईलची प्रत काढून सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत.
२. ‘.व्हीबॉक्स’ फाईलचा शोध घ्यावा. तिच्या शेजारी ‘.व्हीबॉक्स-प्रीव्ह’ ही मागील प्रतही असते. ही फाईल साध्या मजकुराच्या स्वरूपात असल्याने पुसली गेली तरी ‘फोटोरेक’सारख्या साधनाने मिळण्याचा संभव असतो. एसएसडीवर हा संभव बराच कमी होतो.
३. स्नॅपशॉट घेतले असल्यास त्यांच्या स्वतंत्र फाईलीही आवश्यक ठरतात. त्यांच्याविना अलीकडची माहिती मिळत नाही.
४. सर्व फाईली पूर्वीच्या रचनेत ठेवून, ‘एक्स्टेन्शन पॅक’ बसवून, पासवर्ड द्यावा. डिस्क उघडताच माहिती प्रथम अन्यत्र उतरवून घ्यावी.

मर्यादा :
पासवर्ड अंशतः आठवत असेल, तर मोजके पर्याय तपासता येतात. मात्र पासवर्डपासून किल्ली बनविण्याची प्रक्रिया हेतुतः संथ ठेवलेली असल्याने त्यास वेळ लागतो. ‘.व्हीबॉक्स’ फाईलच नष्ट झाली, तर पासवर्ड ठाऊक असूनही उपाय उरत नाही. १२८ बिटांच्या किल्लीच्या शक्यता ३४ या अंकापुढे ३७ शून्ये दिल्यास होतील, सुमारे तितक्या आहेत. सेकंदाला एक लाख कोटी किल्ल्या तपासल्या, तरी विश्वाच्या सुमारे १३८० कोटी वर्षे वयाच्या कोट्यवधी पट काळ लागेल. म्हणून ‘कोणतीही डिस्क उघडून देतो’ असे आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहणे इष्ट.

निष्कर्ष :
आमच्या सहकाऱ्यांना एका जुन्या पेनड्राइव्हवर संपूर्ण फोल्डरची वर्षभरापूर्वीची प्रत सापडली. डिस्क पुन्हा कूटबद्ध केलेली नसल्याने किल्ली तीच होती. मुलाखती परत मिळाल्या. परंतु हा केवळ योगायोग होय. केवळ मोठ्या फाईलची नव्हे, तर संपूर्ण फोल्डरची प्रत दोन ठिकाणी ठेवावी, आणि ती प्रत खरोखर उघडते की नाही, हे वर्षातून एकदा तरी तपासावे. कूटबद्धता मालक आणि चोर असा भेद करीत नाही. ती केवळ किल्ली ओळखते.